करंट शून्यावर

अमेयच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांना चिमटे लावलेले होते. त्यांतून निघालेली बारीक वायर टी-शर्टवरून उतरून मोबाइलएवढ्या एका डबीत गेली होती आणि तो ताईच्या माडीवरच्या खोलीत, दिवा न लावता, भिंतीला पाठ टेकून बसला होता. मी पांघरूण द्यायला वर गेले होते. वाटलं, गाणी ऐकतोय. "काय ऐकतोयस रे?" तर म्हणाला, "काहीच नाही गं मावशी." तेवढ्यात जिन्यावर ताईची पावलं वाजली आणि डॅलसमध्ये स्वतःचं घर असलेल्या, हाताखाली माणसं असलेल्या त्या पस्तिशीच्या मुलाने झटकन चिमटे काढून डबी उशीखाली सारली. ताईने जायफळ घातलेल्या दुधाचा पेला ठेवला, त्याच्या केसांतून हात फिरवला, "पी गरम आहे तोवर" म्हणाली आणि खाली गेली. खोलीभर जायफळाचा वास. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो होतो.

डबी काय होती ते मला नंतर कळलं. ती उशीखाली का गेली, ते मात्र तेव्हाच कळलं होतं.

सकाळी आमराईत फिरायला गेलो तेव्हा त्यानेच विषय काढला. कितीतरी महिने झाले, झोप नाही. म्हणजे लागते, पण पहाटे तीनला मोडते ती मोडतेच आणि मग छातीत धडधडत राहतं. ऑफिसमुळे म्हणावं तर तसं नाही, बायकोशी काही झालंय म्हणावं तर तसंही नाही. तिथल्या डॉक्टरने गोळी सुरू केली, दर आठवड्याला एका बाईंशी बोलायला लावलं आणि वर हे मशीन लिहून दिलं. अमेरिकेत ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. चिमट्यांच्या आत फेल्टचे छोटे तुकडे असतात, ते एका द्रावणाने ओले करायचे, पाळ्यांना लावायचे आणि वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत बसायचं. डबीतून अगदी बारीक करंट एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जात राहतो. अर्धा हर्ट्झ, म्हणजे दोन सेकंदांत एक फेरा. "डोक्यातून?" मी विचारलं. "डोक्यातूनच," तो म्हणाला आणि पुढे चाललेल्या आजोबांना ऐकू गेलं की काय म्हणून आवाज खाली आणला.

खरं तर मशीनचं आमच्या घरात कौतुकच असतं. झोपेची गोळी म्हटलं की ताईच्या कपाळाला आठ्या पडतात, "सवय लागते गं त्याची". पण फिजिओथेरपीवाली मुलगी गुडघ्याला पट्ट्या चिकटवून करंट देते तेव्हा हीच ताई डोळे मिटून समाधानाने बसते आणि "आज थोडा जास्त ठेव" असंही सांगते. गुडघ्याला चालतो तो करंट डोक्याला का चालत नाही, याला आमच्या घरात एकच उत्तर आहे आणि ते म्हणजे नानाकाका.

नानाकाका बाबांचे धाकटे भाऊ. गावभागातल्या आमच्या जुन्या घरात जिन्याखालच्या खोलीत राहायचे. सत्तरच्या दशकात एका पावसाळ्यात त्यांनी बोलणं सोडलं, मग जेवणं सोडलं. आधी त्यांना नरसोबाच्या वाडीला नेलं. तिथे अशी कितीतरी माणसं सेवेला राहिलेली असायची. पहाटे नदीत स्नान, पादुकांचं दर्शन, प्रदक्षिणा, दुपारी घाटाच्या पायऱ्यांवर बसून राहणं. आजी त्यांच्याबरोबर तिथे राहिली. काका थोडं जेवायला लागले असं ती शेवटपर्यंत सांगायची, पण बोलले नाहीत. मग इस्पितळ, मग शॉक. ताई तेव्हा शाळेत होती, मी अगदीच लहान. बाबांबरोबर डबा घेऊन गेलेल्या ताईने दाराच्या फटीतून जे पाहिलं ते तिने आयुष्यात मला एकदाच सांगितलं. भूल वगैरे काही नव्हती. तेव्हा बऱ्याच ठिकाणी नसायची. चार जणांनी धरलं होतं आणि दातांत काहीतरी दिलं होतं. एवढंच ती म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली.

आता यातली अवघड गोष्ट सांगते. काका बरे झाले. घरी आल्यावर एका सकाळी त्यांनी आपण होऊन चहा मागितला. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायचं त्यांचं काम त्यांनी परत हाती घेतलं. पुढे कितीतरी वर्षं पेठेतल्या एका दुकानाची जमाखर्चाची वही लिहिली. फक्त तो पावसाळा आणि त्याच्या आधीचं धाकट्या आत्याचं लग्न त्यांच्या डोक्यातून कायमचं गेलं. फोटोत ते स्वतः आहेत, फेटा बांधून, अक्षता हातात घेऊन. आणि कुणाच्या तरी दुसऱ्याच घरचं लग्न बघावं तसे ते त्या फोटोकडे बघायचे. रोममध्ये १९३८ साली सुरू झालेला हा उपचार गंभीर नैराश्यात आजही उपयोगी पडतो, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो द्यायला आपल्याकडे बंदी आहे. हे ताईला सांगून काही उपयोग नाही. तिच्यासाठी ते दार अजून तेवढंच किलकिलं आहे.

अमेयच्या डबीचं आणि त्या शॉकचं नातं नावापुरतंच. तिथे करंट आठशे-नऊशे मिलिअँपिअरच्या घरात असतो, कारण त्यातून मुद्दाम फिट आणायची असते. या डबीचा जास्तीत जास्त करंट अर्धा मिलिअँपिअर. ताईच्या गुडघ्याचं मशीनसुद्धा याच्यापुढे राक्षस आहे. मी स्वतः लावून पाहिलं (डॉक्टरच्या चिठ्ठीवरची वस्तू अशी दुसऱ्याने लावू नये, हे मला ठाऊक आहे). त्यासाठी कुड्या काढाव्या लागल्या आणि मळसूत्र इतकं घट्ट बसलेलं की अमेयलाच पक्कड शोधायला जावं लागलं. ओला फेल्ट पाळीला गार लागतो. मग मुंग्या येतात, आल्या-न आल्यासारख्या. त्याने करंट हळूहळू वाढवला आणि एका क्षणी खोली किंचित कलली. "बोटीत बसल्यासारखं वाटतंय का? मग जास्त झाला," म्हणून त्याने खाली आणला. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते, तिला त्या करंटची चाहूल लागते म्हणून तसं होतं. त्या रात्री मला झोप नेहमीसारखी लागली. पण माझी झोप मुळातच दगडाची, त्यामुळे माझी साक्ष बाद.

मग मी वाचायला लागले. पहिल्यांदा सापडला तो जोव्हान्नी आल्दिनी. बेडकाच्या पायांना विजेने झटके देणाऱ्या गॅल्व्हानीचा हा भाचा. व्होल्टाची बॅटरी नुकतीच आली होती आणि आल्दिनीने १८०१ मध्ये बोलोन्यातल्या एका विषण्ण शेतकऱ्याच्या डोक्याला ती लावली. लुइजी लान्झारिनी त्याचं नाव, वय सत्तावीस. आल्दिनीच्या म्हणण्याप्रमाणे तो हळूहळू सुधारला, हसायला लागला. पुढे १८०३ मध्ये लंडनला जाऊन याच आल्दिनीने फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या प्रेताचा जबडा आणि डोळा विजेने हलवून दाखवला; बहुतेकांना तो तेवढ्यासाठीच माहीत असतो. पण मला मोह पडला तो त्याच्या आणखी एका नोंदीचा. रोग्यांना लावण्याआधी त्याने वीज स्वतःच्या डोक्याला लावून पाहिली होती. तारा एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे नेल्यावर परिणाम वाढला, डोक्यात जोराचा तडाखा बसला आणि पुढे कित्येक दिवस त्याला झोपच आली नाही. दोन कानांमधली तीच वाट. आज लोक तिथून झोप यावी म्हणून करंट सोडतात. अमेयला हे वाचून दाखवलं तर तो इतका हसला की खालून ताईने "काय झालं रे?" म्हणून हाक मारली.

झोपेचा आणि विजेचा खरा संसार मांडला तो सोव्हिएत रशियात. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाची तिथे एक समजूत रुजली होती की झोप ही मेंदूची संरक्षक स्थिती आहे, शिणलेल्या मेंदूला झोपेत ठेवलं की तो दुरुस्त होतो. मग औषधाऐवजी विजेनेच झोपवलं तर? मिटलेल्या पापण्यांवर दोन इलेक्ट्रोड आणि कानांमागच्या हाडांवर दोन, मंद लयीतले विजेचे ठोके आणि खोलीत अंधार. गिल्यारोव्स्की नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५३ साली यावर पुस्तकच लिहिलं. 'इलेक्ट्रोझोप' असंच त्या उपचाराचं नाव होतं. तिथल्या आरोग्यधामांत ओळीने मांडलेल्या खाटांवर डोळ्यांना पट्टा बांधून पडलेल्या माणसांचे फोटो आहेत. मी ते बराच वेळ बघत बसले. त्यातले किती झोपलेले असतील आणि किती नुसतेच पडलेले? १९६६ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली तोवर पश्चिमेकडच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की मशीन चालू असताना बरीच माणसं झोपतच नाहीत; फक्त उठल्यावर बरं वाटतं म्हणतात. तेव्हा नावातली झोप गेली आणि अमेरिकेत १९७८ पासून त्याला नवं, लांबलचक वैद्यकीय नाव मिळालं: 'क्रेनियल इलेक्ट्रोथेरपी स्टिम्युलेशन'. अमेयची डबी त्यातलीच.

अमेरिकेतली पुढची कथा सरकारी फायलींची आहे, ती पटकन संपवते. वैद्यकीय उपकरणांचा कायदा तिथे १९७६ मध्ये आला. ही मशीनं त्याआधीपासून बाजारात होती, म्हणून नव्या उपकरणांना द्यावी लागते तशी परीक्षा न देताच ती आत राहिली. वर्ग मात्र सर्वांत धोक्याचा दिला, आणि पुढची चाळीस वर्षं त्यावर वाद चालला. डिसेंबर २०१९ मध्ये चिंता आणि निद्रानाश यांच्यापुरता तो वर्ग खाली आणला, नैराश्यासाठी आणला नाही. चाळीस वर्षांत सिद्धही झालं नाही आणि हद्दपारही झालं नाही, असं फक्त निरुपद्रवी वस्तूंच्याच नशिबी येतं, हे माझं मत.

आणि हे अमेयचं मशीन जिथे बनतं ते गाव! टेक्सासमध्ये डॅलसच्या पश्चिमेला, गाडीने दीडेक तासावर. नाव मिनरल वेल्स. म्हणजे खनिज पाण्याच्या विहिरींचं गाव. १८८० च्या दशकात तिथल्या एका विहिरीपाशी एक भ्रमिष्ट बाई रोज येऊन बसायची आणि पाणी प्यायची, आणि काही दिवसांनी ती शहाण्यासारखी वागायला लागली, अशी आख्यायिका आहे. विहिरीचं नावच 'वेडी विहीर' पडलं. मग रेल्वेने माणसं यायला लागली, मोठमोठी हॉटेलं उभी राहिली, पाण्याच्या बाटल्या देशभर गेल्या. 'क्रेझी वॉटर' या नावाने ते पाणी आजही विकतात, आणि त्यात लिथियम असतं असं अभिमानाने सांगतात. लिथियम हे पुढे, १९४९ नंतर, मनाच्या आजारावरचं खरंखुरं औषध ठरलं; पण औषध म्हणून लागणारी मात्रा आणि पाण्यात सापडणारा अंश यांत फार अंतर आहे. मी विचार करत होते त्या बाईचा. रोज यायची, त्याच कट्ट्यावर बसायची, कुणीतरी पोहरा ओढून द्यायचं, चार माणसं ओळखीची झाली असतील. आमची आजी तरी वाडीच्या घाटावर काकांना घेऊन वेगळं काय करत होती? फक्त काका बोलले नाहीत. हे मी विसरू शकत नाही. नुसतं बसण्याने सगळेच बरे झाले असते तर ताईला ते दार बघावं लागलं नसतं.

आता मुद्द्याचं. करंट आत पोचतो तरी का? २०१८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात मृतदेहांच्या कवट्यांमध्ये इलेक्ट्रोड घालून मोजलं, तर बाहेरून सोडलेल्या करंटपैकी सुमारे तीन चतुर्थांश कातडी आणि हाडच खाऊन टाकतात असं दिसलं. मेंदूतल्या पेशींवर ठळक परिणाम व्हायला चार-पाच मिलिअँपिअर तरी हवेत असं त्या लोकांचं म्हणणं. डबी देते अर्धा. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी तोवरच्या सगळ्या चाचण्या चाळून काढल्या आणि निष्कर्ष दिला की चिंतेवर थोडा फायदा असावा, पण पुरावा कच्चा. झोपेबद्दल तर काही म्हणण्याइतकाही नाही. मग २०२३ मध्ये इंग्लंडमधली मोठी चाचणी आली, याच मशीनची, नैराश्याच्या रुग्णांवर. अर्ध्यांना खरी डबी, अर्ध्यांना हुबेहूब तशीच पण करंट न देणारी. रोज तासभर, आठ आठवडे. खरी डबीवाले सुधारले. नकली डबीवालेही तेवढेच सुधारले.

हे अमेयला सांगावं की नाही, यावर मी दोन रात्री तळमळले (दगडाची झोप असूनही). शेवटी सांगितलं तर म्हणाला, "मला माहितीये, माझ्याच डॉक्टरने पाठवला होता तो पेपर. पण ते नैराश्य होतं मावशी, माझी चिंता आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "आपण घरीच करून बघू ना." तो इंजिनिअर. त्याच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी मला तो लहानपणी रेडिओ उघडून बसणारा मुलगा दिसला. बेत असा: त्याने पाठमोरं बसायचं, डबी मी हातात ठेवायची, रुपया उडवायचा. छापा पडला तर करंट, काटा पडला तर मशीन नुसतं सुरू करून करंट शून्यावर. तसाही तो मुंग्या येणार नाहीत इतकाच ठेवायचा, त्यामुळे त्याला कळायचा प्रश्न नव्हता. छापा-काटा मी एका कागदावर लिहायचं, सकाळी तो झोपेला दहापैकी मार्क द्यायचा, आणि एकमेकांना काही सांगायचं नाही.

कल्पना म्हणून छान होती. प्रत्यक्षात पहिली शून्याची रात्र आली आणि मला घाम फुटला. मी त्याच्या मागे बसले होते, हातात मेलेली डबी. थोड्या वेळाने त्याचे कान आणि मान यांच्यामधला ताठरपणा गेला. खांदे उतरले. श्वास लांब झाला. खाली कुणाच्या तरी घरी टीव्हीवर मालिका संपल्याचं संगीत वाजत होतं आणि हा माझ्यासमोर, माझ्या हातातून येत नसलेल्या करंटवर, निवांत होत होता. मला आनंद झाला का? झाला. आणि लबाडी केल्यासारखंही वाटलं. नकली गोळी देणाऱ्या संशोधकांना कदाचित असं काही वाटत नसेल. त्यांच्यासमोर आकडे असतात, माझ्यासमोर ताईच्या मुलाची मान होती. सकाळी त्याने आठ मार्क दिले. पुढच्या एका शून्याच्या रात्रीला मात्र तीन दिले आणि पहाटेपासून गच्चीत फेऱ्या मारत होता. तेव्हा मला वाटलं, मी करंट दिला असता तर? म्हणजे माझाही त्या डबीवर विश्वास बसायला लागला होता. गंमतच आहे.

ताईला आम्ही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. एका दुपारी आम्ही दोघी भाजी निवडत होतो, मेथीची देठं वेगळी करता करता ती खाली बघूनच म्हणाली, "ती वायर कानाला लावतो तेव्हा दातांत काही धरावं लागतं का गं त्याला?"

मी नाही म्हटलं. भूल नको, धरायला माणसं नकोत, फिट येत नाही, नुसत्या मुंग्या. गुडघ्याच्या मशीनपेक्षा कमी, असंही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. रात्री दुधाचा पेला घेऊन वर आली ती बरोबर काशाची वाटी आणि तूप घेऊनच. "तुझं ते चालू दे," म्हणाली आणि त्याच्या पायाशी बसून तळवे घासायला लागली. अमेयला भयंकर गुदगुल्या होतात. तो पाय ओढून घ्यायचा, ती परत धरायची, तळवा काळा झाला की "बघ किती उष्णता आहे" म्हणून आम्हाला दाखवायची. ते काळं म्हणजे काशाची आणि तुपाची रासायनिक करणी, उष्णतेचा त्याच्याशी संबंध नाही, हे अमेय तिला समजावू पाहत होता. अर्धा मिलिअँपिअर कानाला लावून.

त्या रात्रीपासून आमच्या प्रयोगाची वाट लागली, हे उघडच आहे. छापा-काटा मी पडेल तसा लिहीत गेले, पण वाटीचा हिशेब कुठे धरायचा? तो परत गेल्यावर त्याने कागदाचा फोटो मागितला. मी पाठवला. दोन तासांत त्याने रंगीत तक्ता करून पाठवला, करंटच्या रात्री निळ्या, शून्याच्या पिवळ्या, आणि खाली लिहिलं होतं: यातून काहीही सिद्ध होत नाही, रात्री फारच कमी आहेत आणि आईने मधेच डेटा बिघडवला. दिवाळीत येतो तेव्हा नीट करू, वाटी एक दिवसाआड. मी ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एक दिवसाआड वगैरे काही चालणार नाही.